सदतीस नंबरची लाल रेघ

फुटबॉलच्या मैदानाच्या दक्षिणेकडच्या गॅलरीच्या पोटात घडीमावशींची धुलाईखोली होती. वर पंधरा हजार माणसं पाय आपटायला लागली की खाली छताचे पोपडे पडायचे. मावशी धुतलेल्या कपड्यांवर जुनी चादर ओढायच्या आणि पोपडे किती पडले यावरून आपल्या संघाने गोल केला की समोरच्याने, हे ओळखायच्या. खोलीत तीन मशिनं होती. त्यातलं एक मावशी एकोणीस वर्षांपूर्वी कामाला लागल्या तेव्हाही जुनंच होतं. ते जोरात फिरायला लागलं की खोलीभर चालत सुटायचं, म्हणून त्याच्या चारी बाजूंनी विटा लावलेल्या होत्या.

हजेरीपटावर त्यांचं खरं नाव होतं, पण ते कोणी कधी हाक मारायला वापरलं नाही. घडीमावशी हे नाव खेळाडूंनी ठेवलेलं. त्यांनी घडी घातलेला शर्ट हातात पडला की उलगडायला जिवावर यायचं, इतकी ती नीट असायची. अठ्ठावीस खेळाडू, दिवसाला दोन वेळा सराव, प्रत्येकाचे शर्ट, चड्ड्या, मोजे, टॉवेल. मोजे उलटे करून आतली माती झटकायची आणि मगच पाण्यात टाकायचे, हा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी मशिनच्या माणसाचंसुद्धा न ऐकता पाळला होता.

एवढी वर्षं कपडे हाताळून मावशींना कपडे वाचता यायला लागले होते. रोज डाव्याच गुडघ्यावर हिरवा डाग पडतोय म्हणजे गडी उजवा पाय सांभाळून पडतोय. मोज्याच्या टाचेला रक्त आहे म्हणजे बूट नवा आहे किंवा माणूस हट्टी आहे. आणि ज्याच्या शर्टाला दोन दिवस घामाचा वासच नाही, त्याने सरावाच्या नावाखाली काय केलं असेल ते त्याचं त्याला माहीत. हे सगळं मावशींनी कधी कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलं नाही, आणि न विचारता सांगायची त्यांना खोड नव्हती.

बारा संघांत आपला संघ नववा आला, त्या वर्षी मालक परदेशी जाऊन आले. तिथल्या एका मोठ्या संघाच्या खोल्या त्यांनी पाहिल्या, आणि आल्यावर चार दिवस ते त्याशिवाय दुसरं बोलले नाहीत. नाचता येईना अंगण वाकडं असं म्हणायची सोय नव्हती, कारण अंगण त्यांनी स्वतःच नुकतंच नवं करून घेतलं होतं. तेव्हा वाकडं काय आहे ते शोधायला मालकांनी एक माणूस आणला. त्याचं पद होतं कामगिरी-शास्त्र प्रमुख. चौतीस वर्षांचा, सडपातळ, दोन फोन, तीन पदव्या, आणि पायात इतके पांढरे बूट की त्यांनी जमीन पाहिली असेल की नाही अशी शंका यावी. तो बोलताना मागच्या पडद्यावर रेघा वर-खाली व्हायच्या, म्हणून पहिल्याच दिवशी खेळाडूंनी त्याला आलेखसाहेब करून टाकलं.

पहिल्या सभेला झाडून सगळ्यांना बोलावलं होतं, स्वयंपाक्यापासून माळ्यापर्यंत. आलेखसाहेबांनी सांगितलं की आजपासून या मैदानावर 'वाटतं' हा शब्द बंद. 'दिसतं' म्हणायचं, आणि दिसतं ते पडद्यावर दिसलं पाहिजे. मग त्यांनी कोचना विचारलं, यावर आपलं मत काय. कोच हा एके काळचा बचावफळीतला दांडगा खेळाडू. डोक्याने चेंडू मारून मारून तो थोडा सावकाश बोलायचा. "मला वाटतं, चांगलं आहे," तो म्हणाला आणि स्वतःच खाली बघायला लागला.

त्यानंतर महिनाभर गाड्यांमधून खोकी उतरत होती. छातीला घट्ट बसणाऱ्या काळ्या बंड्या आल्या. त्यांच्या पाठीवर एक खिसा आणि खिशात काडेपेटीएवढी डबी. गडी किती धावला, किती जोरात धावला, कुठे वळला, सगळं ती डबी सांगणार. झोप आणि दिवसभराचा ताण मोजायला मनगटाचे पट्टे आले. सकाळी लघवीचा रंग ताडून बघायला रंगांच्या पट्ट्यांचे तक्ते आले. आणि बर्फासारख्या गार पाण्याचं एक भलंमोठं टाकं आलं, ज्यात सराव झाल्यावर खेळाडूंनी गळ्यापर्यंत बसायचं होतं.

टाक्याला जागा हवी होती. ती सापडली धुलाईखोलीच्या शेजारी, जिथे मावशींची कपडे वाळवायची दोन मोठी यंत्रं होती. यंत्रं भंगारात गेली आणि टाकं बसलं. मावशींना निरोप आला की कपडे आता गच्चीवर वाळत घालावेत, ऊन फुकट आहे. गच्ची गॅलरीच्या माथ्यावर होती. बासष्ट पायऱ्या. दिवसाला चौदा फेऱ्या व्हायला लागल्या, दर फेरीला ओल्या कपड्यांची एक टोपली. बंड्या मात्र मशिनमध्ये टाकायच्या नाहीत, गार पाण्यात हाताने चुबकायच्या, पिळायच्या नाहीत आणि सावलीत वाळवायच्या, असा स्वतंत्र कागद आला. सकाळच्या अठ्ठावीस, संध्याकाळच्या अठ्ठावीस. आधीच दुष्काळ, त्यात तेरावा महिना.

खेळाडूंनी मात्र शास्त्र फार लवकर आत्मसात केलं. लघवीचा रंग हिरव्या खुणेत आला नाही तर सकाळी जास्तीचं धावावं लागायचं. म्हणून ज्याचा रंग हमखास चांगला यायचा त्या एका बिचाऱ्याकडून पाच-सहा जण आपले पेले भरून घ्यायचे. महिन्याच्या अहवालात आलेखसाहेबांनी लिहिलं की संघात पाणी पिण्याच्या बाबतीत अभूतपूर्व एकजूट दिसून येते. एका बिनीच्या खेळाडूने झोपेचा पट्टा स्वतःच्या सासऱ्याच्या हाताला बांधला, कारण सासरेबुवा रोज दहा तास झोपायचे. झोप उत्तम भरली, पण हृदयाचे ठोके बघून आलेखसाहेब हादरले. त्या धडधाकट पोराच्या तीन दिवस तपासण्या झाल्या, नळ्या लावल्या, सायकलवर पळवलं. शेवटी त्याने रडकुंडीला येऊन खरं सांगितलं. मग सासऱ्यांना नेलं आणि त्यांच्या हृदयात खरोखरच खोट निघाली. ते वाचले. आलेखसाहेबांनी हे आपल्या यंत्रणेचं पहिलं यश म्हणून मालकांना कळवलं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

टाक्यात कोणी बसत नव्हतं. सामन्याच्या दिवशी मालकांच्या पाहुण्यांच्या बाटल्या गार करायला ते उत्तम होतं.

मावशींचा आणि शास्त्राचा थेट संबंध आला तो पट्ट्यांच्या हिशेबामुळे. पट्टे चाळीस घेतले होते. खेळाडू, कोच, त्याचे मदतनीस, डॉक्टर, मॅनेजर मिळून छत्तीस झाले. चार उरले. जेवणाच्या हॉलमध्ये भिंतीवर एक मोठा पडदा लावला होता, त्यावर चाळीस आडव्या रेघा होत्या, दर माणसाची एक, आणि चार रेघा रिकाम्या, राखाडी. मालकांना ते पाहुण्यांसमोर बरं दिसेना. त्यांनी भाषण केलं की हा संघ म्हणजे एक कुटुंब आहे आणि कुटुंबात कोणी न मोजलेलं राहता कामा नये. सदतीस नंबरचा पट्टा घडीमावशींना, अडतीस स्वयंपाक्याला, एकोणचाळीस बसच्या ड्रायव्हरला आणि चाळीस माळ्याला मिळाला.

घरी मावशींनी पट्टा दाखवला तेव्हा सासूबाई अंथरुणावरून बघत राहिल्या. त्या दीड वर्षापासून उठत नव्हत्या, पण जीभ ठणठणीत होती. त्यांनी विचारलं की पट्टा कुत्र्याला बांधतात हे माहीत होतं, तुझ्यावर एवढा काय संशय आला. मावशींचा नवरा बस डेपोत मेकॅनिक होता. त्याने पट्टा उलटासुलटा करून पाहिला आणि यात तेल कुठे घालायचं असं विचारून परत दिला.

त्याच सुमारास संघाच्या एका मोलाच्या खेळाडूच्या मांडीचा स्नायू फाटला. तो आठवडाभर पडद्यावर लाल, म्हणजे ताण हाताबाहेर गेलेला, दिसत होता आणि तरी कोचने त्याला खेळवलं होतं. मालक फार भडकले. दुसऱ्या दिवशी हॉलच्या भिंतीवर नियम लागला: पट्टा घालणारी कोणतीही व्यक्ती सलग तीन दिवस लाल दिसल्यास तिला दोन दिवस सक्तीची विश्रांती, अपवाद नाही, अशा व्यक्तीला कामावर ठेवणारा त्याला जबाबदार राहील. खाली मालकांची सही, मॅनेजरची सही, आणि आलेखसाहेबांची सर्वांत मोठी सही.

पट्टा बांधल्याच्या पहिल्या दिवशी सदतीस नंबरची रेघ दुपारपर्यंत पिवळी झाली आणि चारच्या सुमाराला लाल. संध्याकाळी जेवायला आलेल्या खेळाडूंनी ते पाहून टाळ्या वाजवल्या. कोचची रेघ हिरवीगार होती; खुर्चीत बसणाऱ्या माणसाची असतेच. दुसऱ्या दिवशी सदतीस नंबर सकाळी दहालाच लाल. आलेखसाहेबांनी पट्टा बिघडला म्हणून बदलून दिला. नवा पट्टा तिसऱ्या दिवशी साडेनऊलाच लाल झाला.

तेव्हा आलेखसाहेब स्वतः पायऱ्या उतरून धुलाईखोलीत आले. इतक्या महिन्यांत ते तिथे पहिल्यांदाच येत होते. दारातच त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली. विटांमधलं मशीन तेव्हा नेमकं जोरात होतं, त्याच्याकडे ते थोडा वेळ भीतीने पाहत राहिले. मग त्यांनी शक्य तितक्या नम्रपणे विचारलं, "मावशी, हा पट्टा तुम्ही दुसऱ्या कोणाच्या हाताला बांधत नाही ना?"

"कोणाच्या बांधू साहेब? सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. नवऱ्याच्या मनगटाला तो पुरत नाही."

मावशींनी एक बादली उपडी करून त्यांना बसायला दिली. साहेबांनी दिवस कसा जातो ते विचारलं आणि मावशी हात न थांबवता सांगत गेल्या. साडेचारला उठायचं. सासूबाईंना कुशीवर वळवायचं, पुसायचं, चादर बदलायची. त्यांचं आणि नवऱ्याचं खाणं करून ठेवायचं. बसथांबा वीस मिनिटांवर, बस आली नाही तर पुढचा थांबा. सातला पहिलं मशीन लावायचं. मग बंड्या. मग टोपल्या. मग दुपारी पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळी घरी गेल्यावर सासूबाईंना पुन्हा वळवायचं, ते रात्रीतून आणखी दोनदा.

आलेखसाहेब लिहून घेत होते. टोपल्यांपाशी ते अडखळले. "गच्चीवर कशाला नेता? इथे वाळवायची यंत्रं असतील ना?"

"होती."

"मग कुठे गेली?"

मावशींनी मानेने शेजारच्या भिंतीकडे खूण केली. भिंतीपलीकडे गार पाण्याच्या टाक्याची मोटर मांजरासारखी गुरगुरत होती. "तिथे तुमचं टाकं बसलं," त्या म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती, विचारलं म्हणून सांगितलं.

साहेब बादलीवरून उठले. मग ते म्हणाले, मी एकदा तुमच्याबरोबर वर येतो. मावशींनी टोपली कमरेवर घेतली, साहेबांनी फोन हातात घेतला. चाळिसाव्या पायरीवर साहेब थांबले आणि न वाजलेला फोन कानाला लावून उभे राहिले. मावशी वर जाऊन अर्धी टोपली वाळत घालेपर्यंत ते पोचले. भिंतीला टेकून त्यांनी फोनवर काही आकडेमोड केली आणि त्यांचा चेहरा उजळला. सामन्याच्या दिवशी मधल्या फळीतला सर्वांत जास्त पळणारा खेळाडू जितका ताण घेतो, त्याच्या दीडपट ताण सदतीस नंबर रोज घेत होता. आठवड्यातून सहा दिवस. वय चोपन्न. असा आकडा त्यांनी कुठल्याच अभ्यासात पाहिला नव्हता. ते "विलक्षण, विलक्षण" म्हणत खाली गेले. टोपली खाली न्यायची राहिली होती, ती मावशींनी नेली.

त्या दिवशी बसमध्ये मावशी खिडकीला डोकं टेकवून बसल्या होत्या, आणि त्यांच्या मनात एक चमत्कारिक विचार आला. एकोणीस वर्षांत त्यांना दिवसभर किती राबावं लागतं हे विचारायची बुद्धी झाली ती या पांढऱ्या बुटांच्या पोराला, आणि त्यालाही झाली ती पट्ट्याने चुगली केली म्हणून. त्यांना हसू आलं आणि मग बराच वेळ आलं नाही.

घरी त्यांनी नवऱ्याला नियमाचं सांगितलं. तो म्हणाला, नियम तुझ्यासाठी नसेल. मावशी म्हणाल्या, मी दोनदा वाचलाय.

चौथ्या दिवशी सकाळी त्या कामावर आल्या, हॉलमध्ये गेल्या, पडद्यावरची आपली लाल रेघ पाहिली, भिंतीवरचा कागद चिकटपट्टीसकट काढला आणि मॅनेजरच्या टेबलावर नेऊन ठेवला. मॅनेजर हा सगळ्यांशी गोड बोलून कोणाचंच काही न करणारा माणूस होता. तो हसला. "मावशी, हा नियम खेळाडूंसाठी आहे हो."

"इथे 'पट्टा घालणारी कोणतीही व्यक्ती' लिहिलंय. खाली तुमची सही आहे."

"अहो, पण उद्या शनिवारी सामना आहे."

"म्हणूनच सांगायला आले. लाल माणसाला कामावर ठेवलंत तर तुम्ही जबाबदार, असं पुढच्याच ओळीत आहे. उगाच तुमच्यावर नको यायला."

मॅनेजरने आलेखसाहेबांना बोलावलं. साहेबांनी कागद वाचला, मावशींकडे पाहिलं, पुन्हा कागद वाचला. यंत्र चुकलं म्हणावं तर सगळं शास्त्र बुडत होतं, आणि यंत्र बरोबर म्हणावं तर कपडे कोण धुणार हा प्रश्न होता, ज्यावर त्यांच्या तीन पदव्यांपैकी एकीतही धडा नव्हता. शेवटी ते हळूच म्हणाले की आकडे तर तसंच सांगतात. मावशी निघाल्या. जाताना पिशवी आणि डबा त्यांनी बरोबर घेतला. खोलीची किल्ली मॅनेजरच्या हातात दिली.

विश्रांती कशी घ्यायची हे मात्र त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. घरी येऊन त्यांनी पडदे धुवायला काढले, तर मनगटावरचा पट्टा थरथरला. त्यांनी पडदे ठेवून दिले. कपाट आवरायला घेतलं, पट्टा पुन्हा थरथरला. सासूबाई हे सगळं पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "तीस वर्षं मी तुला सांगते जरा टेक, तर माझं ऐकलं नाहीस. आता त्या रबराचं ऐकतेस." त्यांनी हे तीस वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं, पण मावशींनी ते काढलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या दुपारी सासूबाईंच्या शेजारी जमिनीवर आडव्या झाल्या आणि चार तास झोपल्या. जाग आली तेव्हा नवरा स्वयंपाकघरात काहीतरी करपवत होता. त्यांना उठून बघावंसं वाटलं, तरी त्या पडून राहिल्या.

इकडे मैदानावर पहिल्याच दिवशी कपडे साठले. मॅनेजरने ते सगळे एका बाहेरच्या लाँड्रीत पाठवले, बंड्यांसकट. बंड्यांचा कागद धुलाईखोलीच्या दारामागे लावला होता, तिथे पाहायला कोण जातो. लाँड्रीने बंड्या उकळत्या पाण्यात काढल्या, गरगर फिरवून पिळल्या आणि कडक वाळवल्या. परत आल्या तेव्हा त्या लहान मुलाच्या अंगातसुद्धा गेल्या नसत्या. अकरा बंड्यांच्या खिशातल्या डब्या काढायच्या राहिल्या होत्या, त्या आत शिजल्या. बाकीच्या डब्या कुठे काढून ठेवल्या ते मावशींना माहीत होतं, आणि मावशी सक्तीच्या विश्रांतीवर होत्या.

शनिवारी संघ बंड्यांशिवाय खेळला. कोचने कित्येक महिन्यांनी पडद्याकडे न बघता मैदानाकडे बघितलं. म्हणून काही चमत्कार झाला असं नाही. संघ दोन-शून्य असा हरला, जसा एरवी हरायचा. फरक इतकाच की या वेळी तो का हरला हे कोणालाही आलेखावर दाखवता येईना, त्यामुळे मालकांना तो नुसता हरलेला दिसला. ते त्यांना फार लागलं.

सोमवारी मावशी कामावर आल्या. त्यांची रेघ हिरवी होती. मॅनेजर त्यांची वाट पाहत उभाच होता. तो गोड हसला आणि म्हणाला की एक छान निर्णय झाला आहे. मदतनीस मिळणार असेल असं मावशींना क्षणभर वाटलं. निर्णय असा होता की साहाय्यक कर्मचाऱ्यांच्या आकड्यांमुळे संघाची सरासरी बिघडते, तेव्हा सदतीस ते चाळीस नंबरचे पट्टे परत घ्यावेत. मावशींनी पट्टा सोडून दिला. मनगटावर पांढरी खूण राहिली. हॉलच्या पडद्यावर आता छत्तीसच रेघा होत्या. चार राखाडी रेघा दिसू नयेत म्हणून पडद्याच्या खालच्या भागावर संघाचं बोधचिन्ह चिकटवलं होतं.

हे ऐकून नवऱ्याने डेपोतली एक गोष्ट सांगितली. एक ड्रायव्हर होता, त्याच्या गाडीचा गरमीचा काटा सारखा लालमध्ये जायचा. त्याने काट्यावर कागद चिकटवला आणि महिनाभर सुखाने गाडी चालवली. मग ती भर चौकात पेटली. मावशींनी विचारलं, ड्रायव्हरचं काय झालं. नवरा म्हणाला, "त्याला काय होतंय, तो उडी मारून उतरला. गाडी जळाली."

दुसऱ्या दिवशी मावशींनी माळ्याकडून जाड दोरी मागून घेतली. धुलाईखोलीच्या दारासमोर, पाच पावलांवर, भिंतीच्या आडोशाची एक मोकळी फरसबंद जागा होती. तिथे अर्धा दिवस ऊन असायचं, अर्धा दिवस सावली. गेली कित्येक वर्षं तिथे मालकांच्या पाहुण्यांच्या गाड्या लागायच्या. मावशींनी दिव्याच्या दोन खांबांमध्ये चार दोऱ्या ताणल्या आणि पहिली टोपली तिथेच वाळत घातली. पायऱ्या चढल्याच नाहीत.

दुपारी एका पाहुण्याची काळी, आरशासारखी चकचकीत गाडी आली आणि सवयीने तिथे लागली. पाहुणे तासाभराने परतले तेव्हा टपावर छप्पन्न मोजे ठिबकत होते. तासाभरात मावशींना मालकांच्या खोलीत बोलावणं आलं. मॅनेजर आधीच तिथे होता आणि आलेखसाहेब भिंतीशी. मालकांनी विचारलं की हा काय प्रकार आहे. मावशींना त्या खोलीत याआधी एकदाच बोलावलं होतं, पडदे उतरवायला. त्या म्हणाल्या, "साहेबांच्या यंत्राने सांगितलं की पायऱ्या वाईट. म्हणून पायऱ्या सोडल्या. पट्टा तुम्ही काढून घेतलात, पायऱ्या तेवढ्याच आहेत."

मालक आलेखसाहेबांकडे वळले. हे खरं आहे का, त्यांनी विचारलं.

आलेखसाहेबांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. मॅनेजर त्यांना डोळ्यांनी खुणावत होता. हा शास्त्राचा माणूस भित्रा होता, पण त्याने बासष्ट पायऱ्या चढून पाहिल्या होत्या, आणि आकडे त्याचे होते. तो म्हणाला, खरं आहे. एवढ्यावर थांबला असता तर मावशींची नोकरी गेली असती, हे त्यालाही कळलं असावं, कारण मग तो भराभर बोलत सुटला. उन्हात वाळलेल्या कपड्यांतले जंतू मरतात, त्वचेचे आजार टळतात, बंड्यांचं आयुष्य वाढतं, जगातले आघाडीचे संघ आता याच दिशेने विचार करत आहेत; याला सूर्यप्रकाशाधारित वस्त्र-पुनर्प्राप्ती म्हणतात. असं कोणीही म्हणत नव्हतं. ते नाव त्याने त्या क्षणी जन्माला घातलं होतं.

मालकांनी ते दोनदा म्हणवून घेतलं. आठवड्याभरात दिव्याच्या खांबांच्या जागी गंज न चढणारे चकचकीत खांब आले, वर निळ्या अक्षरात पाटी लागली, आणि गाड्या पलीकडच्या फाटकाशी गेल्या. मालक पाहुण्यांना हाताला धरून मोजे दाखवायला आणायचे. मावशींना मदतनीस मिळाली नाही. सकाळी साडेचारला उठणं चुकलं नाही. पण बासष्ट पायऱ्या गेल्या, आणि दुपारी तीनच्या सुमाराला त्या पाटीखाली उपड्या बादलीवर बसून चहा प्यायला त्यांना दहा मिनिटं मिळायला लागली.

संघ त्या मोसमात आठवा आला. नवावरून आठवर. त्याचं श्रेय कोचने स्वतःला घेतलं, मालकांनी शास्त्राला दिलं, आणि गोलकीपर म्हणायचा की वरच्या एका संघाचे दोन गडी आजारी पडले म्हणून. आलेखसाहेबांना मात्र एका मोठ्या संघाने बोलावून घेतलं, कारण त्यांनी एका परिषदेत वाचलेला निबंध फार गाजला होता.

जायच्या आदल्या दिवशी ते मावशींना भेटायला आले. उन्हात उभं राहून त्यांनी जरा संकोचत सांगितलं की तो निबंध तुमच्या आकड्यांवरच होता. नाव कुठेही घातलं नाही, नुसतं सदतीस म्हटलं. मोठमोठे लोक होते, सगळे थक्क झाले.

"काय म्हणाले?" मावशींनी विचारलं.

"एकच प्रश्न सगळ्यांनी विचारला. हा खेळाडू कुठल्या जागेवर खेळतो."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

आलेखसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "बचावफळी," ते म्हणाले.

मावशी हसल्या. मग त्यांनी चिमट्यांची पिशवी साहेबांच्या हातात दिली, म्हणाल्या, एवढे मोजे होईपर्यंत धरा जरा. साहेबांनी धरली. पांढऱ्या बुटांवर पाणी ठिबकत होतं आणि ते एकेक चिमटा काढून देत होते, बऱ्यापैकी वेळेवर.